श्रवणयंत्र की अवयव? एका शब्दाचा इतिहास

पाचवीच्या वर्गात मी मराठीचं श्रुतलेखन घेत होतो. आमची शाळा उर्दू माध्यमाची, त्यामुळे मुलं त्याला इमलाच म्हणतात. दहा ओळी सांगून झाल्या, वह्या गोळा केल्या, आणि एका वहीत चौथ्या ओळीनंतर कोरं पान निघालं. ज्या मुलाची ती वही होती तो वर्गातल्या पहिल्या पाचांतला. जोडाक्षरं इतरांपेक्षा नीट लिहितो. मी त्याला विचारलं तर तो नुसता माझ्या ओठांकडे बघत राहिला. मग कानामागे अडकवलेला करड्या रंगाचा तुकडा काढून त्यानं माझ्या तळहातावर ठेवला. त्यातला दिवा लागत नव्हता.

हा मुलगा जन्मतः बहिरा. चार वर्षांचा असताना सरकारी योजनेतून त्याला कॉक्लियर इम्प्लांट बसलं. त्याचे वडील मालेगावात एका सूत दलालाच्या पेढीवर हिशेब लिहितात. ऑपरेशनचे पैसे भरावे लागले नाहीत, पण त्यानंतर बोलायला शिकवणाऱ्या थेरपीसाठी त्यांनी आणि त्यांच्या पत्नीनं नाशिकला किती खेपा घातल्या याची मोजदाद नाही. आता बाहेरचा प्रोसेसर बंद पडला होता, वॉरंटी संपली होती आणि नव्याची किंमत अडीच लाखांच्या वर सांगण्यात आली होती. वडिलांनी पोटाला चिमटा काढून घरच्या चौघांची आरोग्य विम्याची पॉलिसी घेतली होती. तिथे अर्ज केला. पंधरा दिवसांनी नकाराचं पत्र आलं. ते घेऊन ते शाळेत आले. "सर, अंग्रेजी आप पढ़ दो."

पत्र पाच ओळींचं होतं. श्रवणयंत्राचा खर्च पॉलिसीतून वगळलेला आहे, आणि रुग्ण इस्पितळात भरती नव्हता, म्हणून दावा नामंजूर. मी ते वाचून दाखवलं. त्यावर ते एवढंच म्हणाले, "पर ये श्रवणयंत्र तो है ही नहीं."

त्यांचं बरोबर होतं. पण ते बरोबर का आहे, आणि तरीही पत्र लिहिणाऱ्याला तो शब्द कुठून मिळाला, हे शोधायला मला पुढचे कित्येक महिने लागले. हा लेख त्या शोधाचा आहे. मी ना डॉक्टर ना वकील, बी.एड. झालेला भाषेचा मास्तर आहे. पण इथे सगळं एका शब्दावर अडलेलं आहे, आणि शब्द हा माझा धंदा आहे.

आधी वस्तू समजून घेऊ. श्रवणयंत्र आवाज मोठा करतं, बस. आत ऐकण्याची थोडीफार ताकद शिल्लक असेल तरच त्याचा उपयोग. आतल्या कानात शंखासारखी वळलेली एक नळी असते, तिच्यात बारीक केसपेशी असतात. आवाजाच्या लहरींचं विजेच्या इशाऱ्यांत रूपांतर करून त्या मेंदूकडे जाणाऱ्या नसेला देतात. या केसपेशीच नसतील तर कानाशी नगारा वाजवून उपयोग नाही. इम्प्लांट केसपेशींचं काम स्वतः करतं. शस्त्रक्रियेनं कवटीच्या हाडात एक भाग बसवतात आणि त्याची इलेक्ट्रोडची तार शंखात सरकवतात. कानामागचा प्रोसेसर आवाज पकडतो, त्याचे इशारे बनवतो आणि लोहचुंबकानं कातडीला चिकटलेल्या चकतीतून आत पाठवतो. आतला भाग बाहेरच्याशिवाय मुका, आणि बाहेरचा आतल्याशिवाय प्लास्टिकचा तुकडा. दोन्ही मिळून एक कान होतो.

आमच्याकडे मूल जन्मलं की उजव्या कानात अजान देतात. या मुलाच्या आजोबांनीही दिली होती. मूल ती ऐकत नव्हतं हे कळायला घरच्यांना दीड वर्ष लागलं.

विजेनं कानात काही ऐकू येऊ शकतं हे माणसाला फार आधी कळलं होतं. बॅटरी शोधणाऱ्या वोल्टानं अठराव्या शतकाच्या अखेरीस स्वतःच्या दोन्ही कानांत धातूच्या सळया घालून प्रवाह सोडला. डोक्यात धक्का बसला आणि दाट रस्सा उकळताना येतो तसा बुडबुड आवाज आला. त्यानं पुन्हा काही तो प्रयोग केला नाही. पुढची ठोस पायरी १९५७ ची, पॅरिसची. आंद्रे जुर्नो आणि शार्ल एरियेस यांनी एका बहिऱ्या रुग्णाच्या श्रवणनसेपाशी तार बसवली. त्याला आवाज जाणवले, काही मोजके शब्दही ओळखता आले. यंत्र टिकलं नाही. त्या कामाची बातमी लॉस एंजेलिसच्या विल्यम हाउस या कानाच्या डॉक्टरकडे पोहोचली ती एका रुग्णानं आणून दिलेल्या मजकुरातून. १९६१ मध्ये हाउस यांनी पहिली रोपणं केली. त्यांच्या व्यवसायातले बहुतेक लोक त्यांना वेड्यात काढत होते.

इकडे ऑस्ट्रेलियात ग्रॅम क्लार्क हे काम करत होते. त्यांचे वडील औषधाचं दुकान चालवत आणि त्यांना ऐकायला कमी येई. गिऱ्हाईक हळू आवाजात काय मागतंय ते कळेना की बापाची होणारी फजिती या मुलानं लहानपणी पाहिली होती. क्लार्क यांच्यापाशी पैसा नव्हता. मेलबर्नच्या एका दूरचित्रवाणी वाहिनीनं लोकांना आवाहन करून, टेलिथॉन भरवून, संशोधनासाठी रक्कम उभी केली. म्हणजे या यंत्राच्या मुळाशीही वर्गणी आहे, आमच्या मोहल्ल्यात ऑपरेशनसाठी काढतात तशी. शंखाच्या वळणांत तार कशी सरकवायची हे कोडं त्यांना १९७७ मध्ये समुद्रकिनारी सुटलं. शिंपल्याच्या शंखात गवताची पाती घालून पाहताना त्यांच्या लक्षात आलं की मुळाशी ताठ आणि टोकाशी लवचिक असलेली पाती न अडता आत जाते. १ ऑगस्ट १९७८ रोजी अपघातात ऐकू येणं गेलेल्या रॉड सॉन्डर्स यांच्यावर त्यांनी शस्त्रक्रिया केली. व्हिएन्नात इंगेबोर्ग आणि एर्विन हॉखमायर या जोडप्याचं यंत्र १९७७ च्या डिसेंबरातच बसलं होतं. शोधाचा मान नक्की कुणाचा, यावर वाद घालणाऱ्यांनी घालावा. मला त्यानंतरच्या प्रश्नात रस आहे: पैसे कुणी द्यायचे?

त्या प्रश्नाचं उत्तर यंत्र जन्मायच्या आधीच कायद्यात लिहून ठेवलेलं होतं, आणि तेही उलटसुलट. ३० जुलै १९६५ रोजी अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी मेडिकेअरच्या कायद्यावर सही केली. पासष्टीच्या पुढच्या लोकांसाठी सरकारी आरोग्य विमा. या कायद्यात काय मिळणार नाही याचीही यादी आहे. नेहमीची तपासणी, चष्मे, आणि श्रवणयंत्रं व त्यासाठीच्या तपासण्या मिळणार नाहीत. म्हाताऱ्या माणसांच्या विम्यातून चष्मा आणि श्रवणयंत्र वगळायचं! असा कायदा आपल्याकडच्या एखाद्या बाबूनं केला असता तर आपण त्याला किती हसलो असतो. पण त्यामागचा हिशेब साधा होता. ज्या गोष्टी जवळपास प्रत्येक म्हाताऱ्याला लागणार आणि ज्या तुलनेनं स्वस्त आहेत, त्या ज्यानं त्यानं घ्याव्यात. विमा मोठ्या, अचानक खर्चासाठी.

त्याच कायद्यात दुसऱ्या एका जागी असंही म्हटलं आहे की शरीराच्या आतल्या अवयवाची पूर्ण किंवा काही अंशी जागा घेणाऱ्या कृत्रिम साधनाचा खर्च मिळेल. १९६५ मध्ये हे लिहिणाऱ्यांच्या मनात आतला कान नक्कीच नसणार.

१९८४ च्या नोव्हेंबरात अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं हाउस यांच्या पद्धतीच्या, थ्रीएम कंपनीनं बनवलेल्या यंत्राला प्रौढांसाठी परवानगी दिली. ज्ञानेंद्रियाची काही अंशी का होईना जागा घेणारं हे पहिलं यंत्र. पुढच्याच वर्षी क्लार्क यांच्या बावीस इलेक्ट्रोडच्या यंत्रालाही प्रौढांसाठी परवानगी मिळाली, आणि १९९० मध्ये दोन वर्षांवरच्या मुलांसाठी. आता मेडिकेअरसमोर प्रश्न आला. ही वस्तू श्रवणयंत्र म्हणायची तर कायद्यानं एक दमडी देता येत नाही. अवयवाची जागा घेणारं साधन म्हणायची तर सगळंच द्यावं लागतं. १९८६ मध्ये मेडिकेअरनं दुसरी बाजू घेतली. आतल्या कानाचं काम हे यंत्र करतं, म्हणून ते कृत्रिम अवयव, असं ठरलं.

या निर्णयाचं महत्त्व मोठं होतं. मेडिकेअर म्हाताऱ्यांसाठी असलं तरी तिथल्या खाजगी विमा कंपन्या तिच्याकडे पाहून आपले नियम ठरवतात. अवयव म्हटल्यावर आतला भाग आणि कानामागचा प्रोसेसर असे दोन तुकडे पाडता येत नाहीत. कृत्रिम पाय मिळाला तर त्याचा झिजलेला सांधाही मिळाला पाहिजे, तसा प्रोसेसर बदलण्याचा खर्चही त्या व्याख्येत येतो. एक शब्द बदलला आणि यंत्राचं सगळं आयुष्य विम्याच्या कक्षेत आलं.

पण कागदावर हक्क मिळाला म्हणून हातात वस्तू पडते असं नाही, हा धडाही तिथेच मिळाला. १९८३ पासून मेडिकेअरनं इस्पितळांना आजारानुसार ठरावीक रक्कम द्यायला सुरुवात केली होती. इम्प्लांटसाठी मिळणारी रक्कम यंत्राची किंमत आणि शस्त्रक्रिया मिळून होणाऱ्या खर्चाला पुरत नसे. नॅन्सी केन आणि पॉल मानूकियन यांनी १९८९ मध्ये एका मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात हे मांडलं: प्रत्येक रुग्णामागे इस्पितळाला तोटा, म्हणून इस्पितळं हात आखडता घेतात. थ्रीएमनंही हा धंदा सोडला. म्हणजे विमा 'देतो' म्हणत होता, आणि त्याच वेळी इतकं कमी देत होता की देणं न देणं सारखंच. आपल्या सरकारी पॅकेजच्या दरांवरून खाजगी इस्पितळं कुरकुरतात तेव्हा मला हे आठवतं. त्यांची सगळीच कुरकुर खोटी नसते.

व्याख्येची लढाई तिथे अजूनही संपलेली नाही. हाडाला स्क्रूनं बसवून हाडातून आवाज पोहोचवणारी आणखी एक जात आहे. २०१४ मध्ये मेडिकेअरनंच तिला पुन्हा श्रवणयंत्रात ढकलण्याचा प्रस्ताव आणला होता. लोकांनी विरोध केला आणि त्याच वर्षी तो मागे पडला. २०२२ मध्ये कॉक्लियर इम्प्लांटसाठीची अट सैल झाली. आधी यंत्र लावून वाक्यं ओळखण्याच्या चाचणीत चाळीस टक्क्यांपर्यंत गुण असणाऱ्यालाच ते मिळे, आता साठ टक्क्यांपर्यंत. साधं श्रवणयंत्र मात्र १९६५ च्या यादीत आहे तिथेच आहे. थोडं बहिरं असाल तर स्वतः घ्या, पार बहिरे झालात तर या.

इतर देशांनी हा शब्दांचा घोळ वेगळ्या रीतीनं टाळला. ऑस्ट्रेलियात युद्धातून बहिरे होऊन आलेले सैनिक आणि आईला गरोदरपणी जर्मन गोवर झाल्यामुळे बहिरी जन्मलेली मुलं, यांच्यासाठी दुसऱ्या महायुद्धानंतर सरकारनं ध्वनिप्रयोगशाळा काढली. त्या संस्थेचा वारसा आजही चालू आहे. सव्वीस वर्षांखालच्यांना तिच्यामार्फत श्रवणयंत्रही मिळतं आणि इम्प्लांटचा प्रोसेसर बदलूनही. वस्तूला काय म्हणायचं यावर तिथे पैसा अडत नाही, कारण खातं बहिरेपणाचं आहे, वस्तूचं नाही. ब्रिटनमध्ये २००९ पासून बहिऱ्या मुलांना एकाच वेळी दोन्ही कानांत इम्प्लांट देण्याची शिफारस लागू आहे आणि देखभाल सरकारी आरोग्य सेवाच करते.

आता आपल्याकडे. १९८६ हे वर्ष लक्षात ठेवा. अमेरिकेनं इम्प्लांटला अवयव म्हटलं त्याच वर्षी आपल्या सरकारी विमा कंपन्यांनी मेडिक्लेम नावाची पॉलिसी आणली. त्या पॉलिसीचा मजकूर ज्यानं बारकाईनं वाचला असेल त्याला दोन जागा दिसतील. काय मिळेल त्या यादीत पेसमेकर आहे, कृत्रिम अवयव आहेत. काय मिळणार नाही त्या यादीत चष्मा, कॉन्टॅक्ट लेन्स आणि श्रवणयंत्र आहे. म्हणजे १९६५ चीच जोडी, दोन ओळींत. पुढे खाजगी कंपन्या आल्या, पॉलिसींची नावं बदलली, माहितीपत्रकांवर हसणारी कुटुंबं आली, पण ही दोन वाक्यं एकाकडून दुसऱ्याकडे जात राहिली. आपल्याकडे इम्प्लांटच्या शस्त्रक्रिया नव्वदच्या दशकात रुजल्या. मुंबईचे डॉ. मिलिंद कीर्तने, चेन्नईचे डॉ. मोहन कामेश्वरन ही त्यातली पुढची नावं. मेडिक्लेमचं वाक्य त्या आधी लिहिलेलं. ते लिहिणाऱ्यासमोर खिशात डबी आणि कानात वायर असलेलं यंत्र होतं. माझ्या विद्यार्थ्याच्या पत्रात आलेला शब्द त्या डबीचा होता.

पेसमेकर आणि इम्प्लांट यांत तत्त्वतः फरक कोणता, हे मला कुणी समजावून सांगावं. दोन्ही शस्त्रक्रियेनं बसतात, दोन्ही विजेच्या इशाऱ्यांनी अवयवाचं काम चालवतात. एवढंच की पेसमेकर बंद पडला तर माणूस मरतो आणि इम्प्लांट बंद पडलं तर माणूस नुसता गप्प होतो.

विमा नाही, तर मग मुलांना यंत्रं मिळाली कशी? सरकारी योजनांतून. याबाबतीत पहिलं मोठं पाऊल दक्षिणेनं उचललं. तेव्हाच्या अखंड आंध्रात २००७ साली राजीव आरोग्यश्री योजना सुरू झाली आणि तिच्यात गरीब घरच्या लहान मुलांच्या इम्प्लांटचा समावेश झाला. एका मुलामागे साडेसहा लाखांपर्यंत, आणि त्यात शस्त्रक्रियेनंतरची ऐकण्या-बोलण्याची थेरपी धरलेली. थेरपी पॅकेजमध्ये धरणं ही ज्याला सुचलं त्याला मी सलाम करतो. इम्प्लांट बसवल्या दिवशी मूल बोलायला लागत नाही. त्याला आवाज म्हणजे काय हे शून्यातून शिकवावं लागतं आणि त्याला वर्षं लागतात. केरळात २०१२ मध्ये श्रुतितरंगम आली. महाराष्ट्रापुरतं सांगायचं तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम देशभरासाठी सुरू झाला तो २०१३ च्या फेब्रुवारीत आपल्या पालघरमधून. अंगणवाड्यांत आणि सरकारी, अनुदानित शाळांत जाऊन डॉक्टरांचं पथक मुलं तपासतं. जन्मजात बहिरेपण त्यांच्या यादीत आहे. आमच्या शाळेत हे पथक येतं तेव्हा मुलांना वाटतं सुई टोचायला आले.

केंद्राची अ‍ॅडिप योजना १९८१ पासूनची. अपंगांना साधनं घेण्यासाठी मदत करणारी. बरीच वर्षं तिचा पल्ला तीनचाकी सायकल, कुबड्या, साधी श्रवणयंत्रं इतकाच होता. २०१४ मध्ये ती बदलली आणि कॉक्लियर इम्प्लांट तिच्यात आलं. तेव्हाच्या नियमांनुसार वर्षाला पाचशे मुलं, एका मुलामागे कमाल सहा लाख रुपये. जन्मतः बहिऱ्या मुलासाठी वयाची मर्यादा पाच वर्षं, कारण मेंदूची भाषा शिकायची खिडकी लवकर मिटते. तेव्हा घरचं उत्पन्न महिना पंधरा हजारांपर्यंत असेल तर पूर्ण खर्च मिळे. माझा विद्यार्थी याच दारातून आत आला.

या योजनेचं काम पाहणारी संस्था मुंबईत वांद्रे रेक्लमेशनला आहे. या मुलाचे आई-वडील तिची गोष्ट सांगतात तेव्हा फक्त "अली यावर जंग" एवढंच म्हणतात. "अली यावर जंग में बुलाए थे", "अली यावर जंग से फोन आया." मनमाडहून पहाटेची पंचवटी, दादर, मग वांद्रे. मी एकदा विचारलं, हे अली यावर जंग कोण होते माहीत आहे का? ते म्हणाले, कान के बड़े डॉक्टर होंगे.

ते कानाचे डॉक्टर नव्हते. नवाब अली यावर जंग हैदराबादचे. उस्मानिया विद्यापीठाचे ते कुलगुरू होते, ज्या विद्यापीठानं विज्ञानापासून वैद्यकापर्यंत सगळं उर्दूतून शिकवण्याचा प्रयोग केला. माझ्यासारख्या उर्दू शाळेतल्या मास्तरला हे नाव त्यासाठी जवळचं. पुढे ते कित्येक देशांत भारताचे राजदूत होते. १९६५ मध्ये अलिगढचे कुलगुरू झाले आणि प्रवेशाच्या वादावरून चिडलेल्या विद्यार्थ्यांनी त्यांना इतकं मारलं की ते जबर जखमी झाले. हे आपल्या इतिहासातलं लाजिरवाणं पान, आपण ते सहसा उघडत नाही. तरीही ते पदावर राहिले. १९७१ मध्ये महाराष्ट्राचे राज्यपाल झाले आणि १९७६ च्या डिसेंबरात त्याच पदावर असताना मुंबईत वारले. १९८३ मध्ये केंद्र सरकारनं वांद्र्याला बहिऱ्यांसाठी राष्ट्रीय संस्था काढली आणि तिला त्यांचं नाव दिलं. पश्चिम द्रुतगती महामार्गाच्या वांद्र्याकडच्या भागालाही त्यांचं नाव आहे, पण ते कुणी घेत नाही. संस्थेचं नाव मात्र देशभरातल्या बहिऱ्या मुलांच्या आया रोज घेतात.

मुंबईचं आणि बहिऱ्यांच्या शिक्षणाचं नातं त्याहून जुनं आहे. देशातली बहिऱ्यांची पहिली शाळा माझगावात, १८८० च्या दशकात, कॅथॉलिक बिशपांच्या पुढाकारानं निघाली. हे सांगण्याचं कारण असं की इम्प्लांट म्हणजे बहिरेपणाचं एकमेव उत्तर, असा समज मला पसरवायचा नाही. खुणांची भाषा बोलणाऱ्या कितीतरी बहिऱ्या लोकांनी नव्वदच्या दशकात मुलांच्या इम्प्लांटला कडाडून विरोध केला होता. आम्ही आजारी नाही, आमची वेगळी भाषा आहे, असं त्यांचं म्हणणं. भाषेचा शिक्षक म्हणून मला ते पटतं. पण आमच्या गावात खुणांची भाषा शिकवणारा माणूस शोधून सापडत नाही, आणि हा निर्णय आई-वडिलांना मूल तीन वर्षांचं असताना घ्यावा लागतो.

आणखी एक गोष्ट, कडू आहे पण आपल्यातच बोलायला हवी. या मुलाचे आई-वडील एकमेकांचे चुलत भावंडं. जन्मजात बहिरेपणाची काही कारणं रक्तात असतात आणि जवळच्या नात्यातल्या लग्नांत ती वर येण्याची शक्यता वाढते. मामाच्या मुलीशी लग्न करणाऱ्या मराठी हिंदू घरांनाही हे लागू आहे, त्यामुळे हा कुणा एकाच समाजाला टोमणा नाही. गंमत अशी की नेमकं हेच कारण दाखवून विमा कंपन्या हात वर करत. दोष जन्मजात आहे, आनुवंशिक आहे, म्हणून पैसे नाहीत. दिल्ली उच्च न्यायालयानं २०१८ च्या फेब्रुवारीत जयप्रकाश तायल यांच्या खटल्यात सांगितलं की आनुवंशिक आजार असा सरसकट शिक्का मारून दावा नाकारणं हा भेदभाव आहे. तो खटला हृदयाच्या आजाराचा होता, कानाचा नाही. पण दार किलकिलं झालं ते तिथे.

अपंगांसाठी म्हणून काढलेल्या विम्यांचं काय? २००८ मध्ये निरामय ही चांगली योजना आली, एक लाखाचं संरक्षण आणि जवळपास नाममात्र हप्ता. पण ती १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखालची, आणि त्या कायद्यात स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता एवढ्यांचाच समावेश. फक्त बहिरा असलेला मुलगा त्यात बसत नाही. २०१५ ची स्वावलंबन योजना दोन लाखांची होती, बहिऱ्यांनाही खुली होती, थोडी चालली आणि बंद झाली. २०२३ मध्ये विमा नियामकानं सगळ्या कंपन्यांना अपंगांसाठी पॉलिसी ठेवणं बंधनकारक केलं. पॉलिसी ठेवणं आणि त्या पॉलिसीत प्रोसेसर धरणं, या दोन गोष्टी आहेत.

म्हणजे आपल्याकडे घडलं ते असं: राज्यानं सहा लाख खर्चून मुलाला कान दिला आणि त्या कानाचा बाहेरचा अर्धा भाग बाजारात सोडून दिला. प्रोसेसर पावसात भिजतो, पडतो, त्याची केबल तुटते, बॅटरी दिवसात उतरते. काही वर्षांनी कंपनी ते मॉडेल बंद करते आणि सुटे भाग मिळेनासे होतात. जगात मोठे उत्पादक मोजून तीन, सगळे परदेशी. आतला भाग ज्या कंपनीचा, बाहेरचाही तिचाच लागतो, म्हणून घासाघीस करायला जागा नाही. केरळनं हे लवकर ओळखलं आणि देखभाल, प्रोसेसर बदलणं हेही श्रुतितरंगममध्ये घेतलं. तिथेही पालकांना ओरडावं लागलं, पण निदान ओरडायला एक खिडकी आहे.

आम्ही काय केलं ते सांगतो. नकाराचं पत्र हातात आल्यावर आधी कंपनीच्याच तक्रार कक्षाला लिहायचं असतं. महिनाभर वाट पाहायची. उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर एका वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येतं. फी नाही, वकील लागत नाही. मुंबई आणि आसपासचा पट्टा सोडून उरलेल्या महाराष्ट्रासाठी पुण्याचं कार्यालय. तक्रार मीच लिहिली, मराठीत, आणि शाळेतल्या एका सहकारी बाजींनी इंग्रजी करून दिली. दोन मुद्दे मांडले. पहिला, ही वस्तू श्रवणयंत्र नाही, शस्त्रक्रियेनं बसवलेल्या कृत्रिम अवयवाचा न वेगळा करता येणारा भाग आहे, आणि तुमच्याच पॉलिसीत कृत्रिम अवयव मान्य आहे. दुसरा, भरतीची अट. इथे आमची बाजू लंगडी आहे हे मला माहीत आहे. प्रोसेसर बदलायला कुणी इस्पितळात झोपत नाही. तरी लिहिलं की हा आधीच्या शस्त्रक्रियेचाच पुढचा भाग आहे. सर्जनचं पत्र जोडलं, आतल्या भागाचा क्रमांक जोडला.

वडिलांनी सही करण्याआधी मराठी कागद दोनदा वाचला. कृत्रिम या शब्दाशी अडले. मी म्हणालो, बनावटी. ते म्हणाले, "बनावटी मत लिखो सर, वो समझेंगे झूठा है." मग मी त्यांना मसनूई सांगितला, उर्दूतला नेमका शब्द, आणि कागदावर कृत्रिमच ठेवला.

लोकपालांकडून सुनावणीची तारीख अजून आलेली नाही. रमजानमध्ये जकातीतून काही रक्कम जमली, निम्म्याच्या थोडी खाली. धुळ्याच्या एका घरातल्या मुलीला नवं मॉडेल मिळालं होतं, तिचा जुना प्रोसेसर त्याच कंपनीचा निघाला. नाशिकला नेऊन त्याचं मॅपिंग या मुलाच्या कानासाठी करून घेतलं. त्याच्या केबलला चिकटपट्टी लावलेली आहे आणि तो दुपारच्या सुट्टीनंतर कधीकधी बंद पडतो, म्हणून श्रुतलेखन मी आता पहिल्या तासाला घेतो.